सावध किनारा

'तुफान' हा शब्द तुम्हांला घरातूनच ओळखीचा आहे. मराठीतही तो चांगला रुळला आहे. 'तुफान पाऊस', 'तुफान गर्दी' असे आपण सहज म्हणतो. पण समुद्रावर जन्मणाऱ्या ज्या मोठ्या तुफानाविषयी आज आपण वाचणार आहोत, त्याला मराठीत 'चक्रीवादळ' म्हणतात. हे वादळ खरोखरच एका प्रचंड चाकासारखे गरगर फिरत पुढे सरकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला 'हरिकेन' म्हणतात, तर चीन-जपानच्या बाजूला 'टायफून' म्हणतात. नावे वेगळी, पण वादळ एकच.

चक्रीवादळ थांबवण्याची शक्ती माणसाजवळ नाही. एवढे मोठे शास्त्र आपल्या हाती आले, पण वाऱ्याला परत फिरवणे अजून कोणालाही जमलेले नाही. मग वादळ येणार हे कळल्यावर माणसाने हात जोडून बसायचे का? मुळीच नाही. वादळ तेवढेच राहिले, तरी त्यात मरणाऱ्यांची संख्या हजारांवरून थोडक्यावर आणता येते. भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील ओडिशा राज्याने हे करून दाखवले आहे. ते कसे, हे समजण्यासाठी आधी चक्रीवादळ म्हणजे काय ते पाहू.

चुलीवर ठेवलेल्या पातेल्यातील पाणी तापले की वाफ वर जाते, हे तुम्ही रोज पाहता. समुद्राचेही असेच आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सुमारे २६ ते २७ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापले, की त्याची भरपूर वाफ होते. ही उबदार, दमट हवा वर चढते. वर गेल्यावर ती थंड होते, वाफेचे पाणी होते आणि त्या वेळी बरीच उष्णता बाहेर पडते. या उष्णतेमुळे हवा आणखी वेगाने वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो. ती जागा भरण्यासाठी चारी बाजूंची हवा धावून येते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ही हवा सरळ येत नाही. ती वळते आणि गोल फिरू लागते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. खालून उबदार पाण्याची वाफ मिळत राहिली, की वादळ वाढतच जाते. म्हणूनच चक्रीवादळ समुद्रावर बळकट होते आणि जमिनीवर आले की हळूहळू विरते.

या फिरत्या चाकाच्या मध्यभागी एक जागा शांत असते. तिला वादळाचा 'डोळा' म्हणतात. डोळ्याच्या कडेला वारा सर्वांत भयंकर असतो, पण डोळ्यात मात्र वारा पडतो आणि कधी कधी आकाशही दिसू लागते. डोळा गावावरून जात असताना लोकांना वाटते, की वादळ संपले. ते घराबाहेर पडतात, छपराचे पत्रे गोळा करू लागतात. इतक्यात वादळाची दुसरी बाजू येऊन पोहोचते आणि वारा आता उलट दिशेने तेवढ्याच जोराने सुटतो. म्हणून ही मधली शांतता फसवी असते, हे नेहमी लक्षात ठेवावे.

चक्रीवादळ तीन प्रकारे नुकसान करते: वाऱ्याने, पावसाने आणि समुद्राच्या पाण्याने. यांपैकी वाऱ्याची भीती सर्वांना वाटते. परंतु सर्वांत जास्त बळी घेते ते समुद्राचे पाणी. वादळी वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटतो. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला, तर त्या पाण्याला खाली जायला जागा नसते. मग ते उंच होते आणि थेट जमिनीवर चढते. याला वादळी उधाण म्हणतात. त्यातच भरतीची वेळ असली, तर संकट आणखी वाढते. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ आहे. म्हणून ओडिशा, पश्चिम बंगाल आणि बांगलादेश यांच्या किनाऱ्यांवर वादळी उधाणाने आजवर फार मोठी हानी केली आहे. १९७० साली नोव्हेंबर महिन्यात आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर जे वादळ आले, त्यात तीन लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

आता ओडिशाकडे वळू. १९९९ सालच्या ऑक्टोबर महिन्यात बंगालच्या उपसागरात एक वादळ तयार झाले. आज चक्रीवादळांना नावे देतात; आपल्या बाजूच्या समुद्रांतील वादळांना अशी नावे देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. त्यामुळे १९९९च्या त्या वादळाला नाव नाही. लोक त्याला नुसते 'महाचक्रीवादळ' म्हणतात. २९ ऑक्टोबर रोजी ते पारादीप बंदराजवळ किनाऱ्याला येऊन धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होता. वेगाने धावणाऱ्या रेल्वेगाडीपेक्षाही हा वेग खूप अधिक आहे. समुद्राचे पाणी ५ ते ६ मीटर उंच चढले, म्हणजे जवळजवळ दुमजली घराएवढे. ते पाणी कित्येक किलोमीटर आत शिरले. मातीच्या भिंती आणि गवताची छपरे असलेली घरे त्यापुढे टिकणे शक्यच नव्हते.

हे वादळ पुढे झपाट्याने निघून गेले नाही. ते किनाऱ्याजवळच रेंगाळले आणि त्याने मुसळधार पाऊस पाडला. नद्यांना पूर आले. रस्ते, रेल्वे, वीज आणि टेलिफोन सगळे बंद पडले. बाहेरच्या जगाला कित्येक गावांची खबरच कळेना. सरकारी नोंदीप्रमाणे या वादळात जवळजवळ १०,००० माणसे मेली. त्यांतील बहुतेक एकट्या जगतसिंगपूर जिल्ह्यातील होती. एरसमा भागात तर घरेच्या घरे माणसांसह वाहून गेली. लाखो गुरे मेली आणि लाखो घरे मोडली.

वादळ एका दिवसात येते, पण त्याची जखम वर्षानुवर्षे राहते. समुद्राचे खारे पाणी शेतांत शिरल्यामुळे उभे भातपीक गेले आणि जमिनीत मीठ उतरले. तळी आणि विहिरी खाऱ्या झाल्या. चहूकडे पाणीच पाणी, पण पिण्यास थेंब नाही, अशी लोकांची अवस्था झाली. घाण पाण्यामुळे रोग पसरण्याचे भय होते. कोळ्यांच्या होड्या आणि जाळी गेली. शेतकऱ्याचा बैल गेला, म्हणजे पुढच्या वर्षीची नांगरणीही गेली. कित्येक मुलांच्या डोक्यावरचे आईवडिलांचे छत्र नाहीसे झाले.

एवढी माणसे का मेली? वादळाची कोणाला कल्पनाच नव्हती, असे मात्र नाही. हवामान खात्याने इशारे दिले होते. पण इशारा देणे आणि तो शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दूरच्या खेड्यांत टेलिफोन नव्हते. जिथे इशारा पोहोचला, तिथेही अनेकांना त्याचे गांभीर्य कळले नाही. वृद्ध माणसांनी आयुष्यात कितीतरी वादळे पाहिली होती. हेही तसेच असेल, असे त्यांना वाटले. शिवाय घर सोडून जायचे तरी कुठे? आसरा घेता येईल अशा पक्क्या इमारती त्या किनाऱ्यावर अगदी मोजक्या होत्या. ज्यांना त्यांत जागा मिळाली, ते वाचले. म्हणजे तीन गोष्टी कमी पडल्या: इशारा पोहोचवणारी माणसे, त्यावर विश्वास आणि जाण्यासाठी सुरक्षित जागा.

ओडिशाने हे दुःख विसरून न जाता त्यातून धडा घेतला. त्याच वर्षी राज्याने आपत्ती निवारणासाठी एक स्वतंत्र संस्था उभी केली. देशातील कोणत्याही राज्याची अशी ही पहिलीच संस्था होती. पुढे बचावकार्याचे शिक्षण दिलेले खास दल तयार झाले. किनाऱ्यावर ठिकठिकाणी चक्रीवादळ निवारे बांधण्यात आले. आज त्यांची संख्या आठशेहून अधिक आहे.

हे निवारे कसे असतात, ते पाहण्यासारखे आहे. इमारत जाडजूड खांबांवर उभी असते. खालची जागा मोकळी ठेवलेली असते, म्हणजे उधाणाचे पाणी आले, तर ते भिंतीवर न आदळता खांबांमधून निघून जाते. माणसे वरच्या मजल्यावर राहतात. काही ठिकाणी गुरांसाठीही उंच जागा असते. आणि बाकीच्या दिवसांत? निवारा वर्षभर कुलूप लावून ठेवला, तर तो पडीक होईल. म्हणून यांतील अनेक इमारतींत शाळा भरतात. जिथे मुले रोज धडे वाचतात, तिथेच संकटाच्या वेळी सारे गाव आसरा घेते. वाट सर्वांच्या पायाखालची असते, म्हणून अंधारातही कोणी चुकत नाही.

इमारतीबरोबर माणसेही तयार केली गेली. गावागावांत स्वयंसेवक नेमले. कोणत्या घरात आजारी माणूस आहे, कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोणाला उचलून न्यावे लागेल, याची यादी आधीच केलेली असते. कोणी दवंडी द्यायची, कोणी शिधा सांभाळायचा, कोणी प्रथमोपचार करायचे, हे ठरलेले असते. वादळ नसतानाही या सगळ्याची रंगीत तालीम घेतली जाते.

या तयारीची परीक्षा २०१३ साली झाली. त्या वर्षी १२ ऑक्टोबरच्या रात्री 'फायलिन' नावाचे वादळ ओडिशातील गोपाळपूरजवळ धडकले. फायलिन हा थाई भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ नीलम. नाव रत्नाचे, पण वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक! १९९९च्या मानाने त्याचा जोर कमी होता, तरी तेही फार मोठे वादळ होते. मात्र या वेळी वादळ येण्याआधीच सुमारे १० लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले होते. घरे पडली, झाडे उन्मळली, पिके गेली. पण ओडिशात मृत्यूंची संख्या पन्नासच्या आतच राहिली.

पुढे ३ मे २०१९ रोजी पुरीजवळ 'फणी' हे वादळ आले. तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना हलवण्यात आले. लाखो मोबाईल फोनवर संदेश गेले. ध्वनिक्षेपक घेऊन स्वयंसेवक गल्लीगल्लीत फिरले. त्या वादळात ओडिशात ६४ माणसे गेली. एक माणूस गेला, तरी त्याच्या घराचे दुःख मोठेच असते. पण १०,००० कुठे आणि ६४ कुठे! जे हजारो जीव या वेळी वाचले, त्यांची नावे कोणत्याही यादीत दिसत नाहीत. ते आपापल्या घरी परतले आणि पुन्हा कामाला लागले.

निसर्गानेही माणसाला एक संरक्षण दिले आहे. खाडीच्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडे तुम्ही पाहिली असतील. कोकणात त्यांना तिवरे असेही म्हणतात. त्यांची मुळे चिखलात घट्ट रुतलेली असतात आणि फांद्यांचे दाट जाळे असते. उधाणाचे पाणी त्यांतून येताना त्याचा जोर कमी होतो. १९९९च्या वादळानंतर अभ्यासकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांची पाहणी केली. ज्या गावांच्या पुढे खारफुटीचे रुंद जंगल शिल्लक होते, तिथे कमी माणसे मेल्याचे त्यांना आढळले. म्हणून खारफुटी तोडणे म्हणजे आपल्याच घराची भिंत पाडण्यासारखे आहे.

तुम्ही म्हणाल, 'ही तर बंगालच्या उपसागराची गोष्ट झाली. आपला अरबी समुद्र शांत आहे.' अरबी समुद्रात वादळे कमी होतात, हे खरे. परंतु गेल्या काही दशकांत या समुद्राचे पाणी अधिक तापू लागले आहे, आणि तेथील वादळांची संख्या व जोर वाढत असल्याचे शास्त्रज्ञांना दिसले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते १२० किलोमीटर होता. ते कोरोनाचे दिवस होते. एकमेकांपासून दूर राहा, असे सगळे सांगत असतानाच हजारो लोकांना एकत्र निवाऱ्यात न्यावे लागले. तरीही ते काम झाले आणि जीवितहानी थोडी झाली.

पण मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, मंडणगड या भागांत घरांचे पत्रे आणि कौले उडाली. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. सर्वांत मोठा घाव बसला तो बागांवर. नारळ, सुपारी, आंबा, काजू यांची हजारो झाडे काही तासांत कोसळली. भाताचे पीक गेले, तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. सुपारीचे मात्र तसे नाही. आज रोप लावले, तर फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. आजोबांनी लावलेली बाग पडली, की घराचे उत्पन्नच बंद होते. तोपर्यंत त्या घराने काय खायचे? मुलांच्या शिक्षणाचे काय? जीव वाचवण्याची विद्या आपण बरीच शिकलो. पण वाचलेल्या माणसाचा रोजगार कसा वाचवायचा, हे अजून नीट शिकायचे आहे. वेळेवर मिळणारी भरपाई, पिकांचा विमा, मजबूत छपरे, जमिनीखालून नेलेल्या विजेच्या तारा हे त्यातील काही उपाय आहेत.

आता शेवटची आणि तुमच्या कामाची गोष्ट. वादळाचा इशारा ही एक साखळी आहे. आकाशातील उपग्रह आणि किनाऱ्यावरील रडार वादळाला पाहतात. हवामान खाते त्याचा मार्ग ठरवते आणि इशारा काढते. 'पिवळा', 'नारिंगी', 'लाल' असे रंग त्याला दिलेले असतात. जसा धोका वाढतो, तसा रंग बदलतो. बंदरांवर १ ते ११ क्रमांकांच्या धोक्याच्या खुणा लावतात. 'तीन नंबरचा बावटा लागला' असे कळले, की कोकणातील कोळी होडी समुद्रात घालत नाहीत. जिल्ह्याच्या कचेरीतून हा इशारा तालुक्याला जातो, तालुक्यातून गावाला जातो. पण साखळीची शेवटची कडी कोणती? ती म्हणजे घरातील असा माणूस, जो इशारा वाचतो, समजून घेतो आणि सर्वांना सांगतो.

महाराष्ट्रात हा इशारा मराठीत येतो. तुमच्या घरात कदाचित दादी किंवा नाना असतील, ज्यांना उर्दू उत्तम वाचता येते, पण मराठी वाचता येत नाही. वर्तमानपत्रातील चार ओळी, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील सूचना, मोबाईलवर आलेला संदेश तुम्ही त्यांना वाचून दाखवू शकता आणि घरच्या भाषेत समजावू शकता. 'इशारा', 'खबरदारी', 'नुकसान', 'मदत' हे शब्द तर दोन्ही भाषांत एकच आहेत.

वाचून दाखवताना काही गोष्टी ध्यानात ठेवा. अफवा पसरवू नका. फक्त रेडिओ, दूरदर्शन आणि सरकारी सूचना यांवर विश्वास ठेवा. आपल्या गावातील पक्की आणि उंच इमारत कोणती, हे आधीच माहीत करून घ्या. महत्त्वाचे कागद, औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी आणि थोडा कोरडा खाऊ एका पिशवीत तयार ठेवा. गुरांना दाव्याला बांधून ठेवून जाऊ नका. त्यांना सोडा, म्हणजे ती स्वतःचा जीव वाचवू शकतील. घर सोडायला सांगितले, तर वेळ घालवू नका. शेजारी एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती असेल, तर तिला बरोबर घ्या. आणि वारा अचानक पडला, तरी सुटकेची सूचना येईपर्यंत बाहेर पडू नका.

१९९९ साली ओडिशाच्या कित्येक गावांत ही शेवटची कडी नव्हती. २०१३ आणि २०१९ साली ती होती. दोन्ही वेळचा समुद्र तोच होता. आपल्या घरातील आणि आपल्या मोहल्ल्यातील ती कडी तुम्ही होऊ शकता.